बीट कोणाची, गाणे कोणाचे

मुंबई आणि तिच्या आसपासच्या रॅपविषयी मराठीत गेल्या दहाएक वर्षांत जे लिहून आले, त्यात शब्दांची चर्चा फार झाली. वस्तीतला मुलगा, त्याचा संताप, त्याची यमके, त्याच्या शिव्या खपवून घ्याव्यात की नाही, यावर रकानेच्या रकाने भरले. त्या शब्दांखाली जे वाजत असते, ज्याला ही मुले बीट म्हणतात, ते कोणी बनवले, कशावर बनवले, त्याला पैसे मिळाले का आणि गाणे चालल्यावर मालक कोण ठरला, ही चौकशी मात्र क्वचितच कोणी केली. त्यामुळे अर्धा विषय हातातून निसटला. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. कोणत्याही कंपनीच्या आधाराशिवाय उभा राहिलेला रॅपर पुढे जातो की दोन गाणी गाजवून विसरला जातो, याचा निकाल बराचसा बीटपाशी लागतो. जो आपली बीट आपण बनवतो, किंवा बनवणाऱ्याशी पहिल्या गाण्यापासून हिशोब लिहून ठेवतो, त्याच्यापाशी गाण्याची मालकी राहते, आणि मालकी राहिली की दुसरे, पाचवे, विसावे गाणे करण्याची सोय राहते. रॅपरने प्रोड्यूसर, म्हणजे बीट बनवणारा, होणे हा या क्षेत्रात हौसेचा भाग मानला जातो. मला तो कारकिर्दीचा पाया वाटतो.

हा विषय ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकडून पाहण्याला कारण आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. म्हणजे दोन्ही मिळून तीस लाखांच्या वर. या लोकवस्तीच्या वाट्याला नाट्यगृहे चांगली आली. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे कलामंदिर. परंतु ही सगळी सभागृहे नाटक, ऑर्केस्ट्रा, गाण्याची मैफल आणि शाळांची स्नेहसंमेलने डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. शंभर-दीडशे माणसे उभ्याने ऐकतील, बासचा धक्का छातीवर बसेल आणि नवख्या मुलाला पंधरा मिनिटे मिळतील, अशी जागा या पट्ट्यात शोधावी लागते. तसल्या जागा होत्या त्या मुंबईत, आणि मुंबईतही पश्चिमेकडे कललेल्या: २००७ ते २०१६ या काळात लोअर परळचा ब्लूफ्रॉग, नंतर खार आणि अंधेरीकडची ठिकाणे, वांद्र्याच्या समुद्रकाठी जमणारे सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करणाऱ्यांचे कोंडाळे. कल्याण स्थानक सीएसएमटीपासून सुमारे ५४ किलोमीटर, डोंबिवली ४८, ठाणे ३४. दादरला उतरून गाडी बदलायची, परतताना शेवटच्या लोकलचा घोर. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या चांगल्या स्टुडिओचीही तीच कथा. भाडे परवडले तरी जाण्यायेण्यात दिवस जातो, आणि आवाज बसला नाही तर पुन्हा तोच दिवस. अशा ठिकाणच्या मुलाने वन रूम किचनमध्ये, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळात, कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे दार उघडून त्यासमोर माइक लावला, तर त्यात बंडखोरी वगैरे शोधू नये. त्याला दुसरा मार्ग नव्हता.

या पट्ट्यातून आलेले सर्वांत ठळक नाव डी एमसीचे, म्हणजे दीपा उन्नीकृष्णनचे. मल्याळी घर, वाढ कल्याणची, रॅप हिंदी आणि इंग्रजीत. २०१२च्या आसपास ती मुंबईतल्या सायफरमध्ये उतरली, तेव्हा माइक धरणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे तिची मिक्सटेप आली, २०१९च्या ‘गली बॉय’ या चित्रपटात ती थोडा वेळ दिसली, आणि २०२२ साली ‘हसल’ या रॅपच्या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वात ती चार मार्गदर्शकांपैकी एक होती. उगवत्या कलावंतापासून नव्यांना शिकवणाऱ्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास दहा वर्षांचा आहे, आणि त्यात एकही गाणे असे नाही ज्याने रातोरात सगळे बदलले. मला तिची कारकीर्द म्हणूनच महत्त्वाची वाटते. मध्य रेल्वेवरून येणाऱ्या मुलीसाठी ते ५४ किलोमीटर रात्री अकरानंतर आणखी लांबतात, हे मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. डी एमसी मुख्यतः शब्दांची आणि आवाजाची कलावंत. तिच्या गाण्यांना वेगवेगळ्या प्रोड्यूसरांनी बीट्स दिल्या. तिची वाटचाल ही त्या पिढीची वाटचाल आहे: शब्द आपले, बीट दुसऱ्याची, आणि व्यासपीठ तिसऱ्याचे.

त्या पिढीतल्या प्रसिद्ध गाण्यांकडे या नजरेने पाहिले तर चित्र लगेच स्पष्ट होते. कुर्ल्याच्या नेझीचे ‘आफत’ २०१४च्या जानेवारीत आले. त्याने ते आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, चित्रणही आयपॅडवरच, आणि बीट इंटरनेटवरून उतरवून घेतलेली. पुढच्याच वर्षी नेझी आणि डिव्हाईन यांचे ‘मेरे गली में’ आले आणि मुंबईच्या गल्ल्यांचे ते जणू राष्ट्रगीत झाले. त्याची बीट सेझ ऑन द बीट या दिल्लीच्या प्रोड्यूसरची. मुंबईच्या अस्सल गल्लीचा आवाज दिल्लीत तयार झाला, याची खंत करण्याचे कारण नाही. पण हे किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. झोया अख्तरच्या ‘गली बॉय’मध्येही नायक मुराद शब्द लिहितो, आणि बीट व चित्रफीत घेऊन येते ती स्काय, अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकणारी श्रीमंत घरची मुलगी. चित्रपटाने नकळत त्या वेळची कामाची वाटणीच सांगितली. वेदना वस्तीची, साउंड बाहेरचा. त्या चित्रपटाला फिल्मफेअरची तेरा पारितोषिके मिळाली, त्यातून कितीतरी तरुणांना रॅप करावासा वाटला, मात्र प्रोड्यूसर व्हावेसे वाटायला लावणारे त्यात काही नव्हते.

ही वाटणी मोडणारा सर्वांत मोठा दाखला पुण्याचा आहे. ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतला एमसी स्टॅन शब्द लिहितो, गातो आणि आपल्या गाण्यांचे संगीतही बव्हंशी आपणच करतो. २०१८-१९मध्ये ‘वाटा’, ‘खुजा मत’, ‘अस्तगफिरुल्ला’ ही गाणी आली. २०२०मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम, २०२२मध्ये ‘इन्सान’. त्याच्या शब्दांवर टीका करायला भरपूर वाव आहे आणि ती मी पुढे करणारच आहे, पण कान देऊन ऐकले तर कळते की त्याचे वेगळेपण आधी आवाजात आहे. ऑटोट्यूनमधून ओढून लांबवलेला, अर्धवट कव्वालीसारखा सूर, त्याखाली ट्रॅप या रॅपच्या प्रकारातले लगबगीचे हायहॅट आणि खर्जातला ८०८चा बास. (हे ८०८ म्हणजे १९८० साली रोलँड या जपानी कंपनीने काढलेले ताल-यंत्र, बाजारात ते फार काळ टिकले नाही, आवाज मात्र चाळीस वर्षांनंतरही सगळीकडे आहे.) दुसऱ्याच्या तयार बीटवर असा सूर सापडला नसता, कारण तयार बीट कोणत्या तरी तिसऱ्याच गायकाच्या श्वासाच्या मापाने कापलेली असते. १२ फेब्रुवारी २०२३ला स्टॅन ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकला, ३१ लाख ८० हजारांचे बक्षीस मिळाले, आणि ज्यांनी त्याचे एकही गाणे ऐकले नव्हते त्यांनी हा कोण उपटसुंभ म्हणून नाके मुरडली. क्रम मात्र ध्यानात घ्यावा: आधी दोन अल्बम आणि मग घराघरातला चेहरा.

बीट आपली असल्याने नेमके काय बदलते, हे समजायला धंद्याची रीत थोडी पाहावी लागेल. यूट्यूबवर ‘टाइप बीट’ नावाचा एक प्रचंड बाजार आहे. अमुक रॅपरच्या धाटणीची बीट म्हणून कोणी तरी ती टाकतो, ऐकायला फुकट, वापरायला परवाना. स्वस्तातला परवाना बहुधा अनन्य नसतो, म्हणजे तीच बीट डोंबिवलीतला एक, लखनौचा दुसरा आणि टोरांटोचा तिसरा असे कितीही जण घेऊ शकतात. शिवाय ठरावीक संख्येने गाणे ऐकले गेले की परवाना संपतो आणि नवा, महागडा घ्यावा लागतो. याचा अर्थ असा की गाणे पडले तर काही बिघडत नाही, गाजले तरच अडचण उभी राहते. यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेत असे गाणे आपल्या नावाने नोंदवणेही अवघड, कारण खालचा ताल आपल्या एकट्याचा नाही. उलट एफएल स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर, एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा कंडेन्सर माइक एवढ्यावर ज्याने सहा महिने डोके फोडले, त्याच्या हाती गाण्याचे तिन्ही पदर असतात: शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी पत्करली तो. त्या मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. शब्दकार आणि संगीतकार यांचा हक्क तर त्यांच्या हयातीनंतर साठ वर्षे. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली: गीतकार आणि संगीतकाराने आपला हक्क कंपनीला दिला तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही, करारात तसे लिहून घेतले तरी ते चालत नाही. कायदा कलावंताच्या बाजूने इतका क्वचितच झुकतो. पण त्याचा फायदा घ्यायला संगीतकार म्हणून आपले नाव कुठे तरी लिहिलेले असावे लागते.

याचे मोल कल्याणला इतर कोणत्याही गावापेक्षा जास्त कळायला हवे. मंगळवेढ्याहून आलेले आणि पुढे कल्याणचे झालेले प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलभक्तीच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून महाराष्ट्राच्या प्रत्येक वाडीवस्तीवर पोचला. आनंद आणि मिलिंद ही त्यांची मुले आणि आदर्श हा नातू, अशा तीन पिढ्या त्या गळ्याने दिल्या. आज ज्याला आपण स्वतंत्र संगीत म्हणतो, म्हणजे चित्रपटाच्या बाहेरचे, थेट श्रोत्यांच्या बळावर चालणारे, ते या पट्ट्याला नवे नाही. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा भीमगीत, कव्वाली, आगरी-कोळीगीत, लग्नाच्या हळदीची गाणी यांचा एक मोठा बाजार उभा राहिला, ज्याला आकाशवाणीची मेहेरबानी लागत नव्हती की चित्रपटाची. परंतु त्या काळच्या धंद्याची सर्वसाधारण पद्धत एकरकमी मानधनाची होती. गायकाने यायचे, गायचे, पाकीट घ्यायचे. कॅसेट हजारात खपो की लाखात, मूळ मुद्रण कंपनीचे. आज तीच मुद्रणे डिजिटल होऊन पुन्हा कमावतात, आणि ती कमाई कागद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जाते. लोकप्रियता आणि मालकी या वेगवेगळ्या वस्तू आहेत, हे या पट्ट्याने एकदा पाहिले आहे. म्हणूनच एखाद्या तरुण रॅपरच्या चित्रफितीला किती लाख लोकांनी पाहिले, या आकड्यावरून त्याची उंची मोजणे मला पटत नाही.

बीट हातात असण्याचा दुसरा लाभ कलेचा आहे, आणि मला तो पैशापेक्षा रंजक वाटतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे मराठी रॅपमध्ये यमक स्वस्त पडते: जातो-येतो-खातो-घेतो अशी रांग कोणीही लावील आणि आठव्या ओळीला ऐकणाऱ्याला जांभई येईल. चांगल्या मराठी रॅपरला क्रियापद ओळीच्या मध्ये ढकलावे लागते, किंवा ते गिळून नामावर थांबावे लागते, किंवा ओळ मोडून उरलेला तुकडा पुढच्या मात्रेत फेकावा लागतो. हे सगळे करायला ताल लवचीक हवा: कधी स्नेअर अर्धी मात्रा उशिरा, कधी दोन मात्रांची पूर्ण शांतता, कधी फक्त हलगी. अमेरिकन फ्लोसाठी, म्हणजे शब्द तालावर बसवण्याच्या तिथल्या ढंगासाठी, बांधलेल्या बीटमध्ये मराठी शब्द कोंबले की मराठीच इंग्रजीसारखी उच्चारली जाते. ऱ्हस्व-दीर्घ बिघडतात, जोडाक्षरे चुरडतात. स्वदेशी या मुंबईच्या गटातला एमसी मवाली मराठी बोलीचा ठसका सांभाळतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ १०० आरबीएच वऱ्हाडीचा हेल ठेवतो. स्वदेशीने आरे जंगलाच्या प्रश्नावर आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’ केले तेव्हा त्यात वारली गाणे आणि रॅप एकमेकांना वाट देत जातात, कारण ताल त्यासाठीच रचलेला आहे. २०२४मध्ये गाजलेले श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांचे ‘तांबडी चामडी’ हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सपर्यंत गेले, त्यातही प्रोड्यूसर मराठीचा ठेका ओळखणारा होता. संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ काटेकोरपणे रॅप नाही, पण जळगाव जिल्ह्यातून आलेल्या या गायकाचे संगीत जी-स्पार्क या त्याच्या भावानेच केले, हे माझ्या मुद्द्याला पूरक आहे. घरातल्या घरात बीट झाली की भाषेला अंग चोरावे लागत नाही.

आता आक्षेप. सर्वांत जुना आणि सर्वांत कमकुवत आक्षेप असा की हे सगळे अमेरिकेचे अनुकरण. हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीतल्या समारंभात झाला असे मानतात, तेव्हा ते परके आहे हे खरेच. पण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून पुढे मराठी संगीत नाटकाने हिंदुस्थानी बंदिशींच्या, लावणीच्या, कानडी गाण्यांच्या चाली मुक्त हस्ते उचलल्या, आणि आज ते आपले वैभव म्हणून मिरवतो. उसने घेतलेले आपले कधी होते, तर ते इथल्या हातांनी पुन्हा बनवले गेल्यावर. हीच कसोटी रॅपला लावली तर इंटरनेटवरून उतरवलेल्या बीटवरचा रॅप अनुकरण ठरण्याची शक्यता जास्त, आणि स्वतः रचलेल्या तालावरचा कमी. लंडनच्या पूर्वेकडच्या बो भागातल्या डिझी रास्कलने २००३ साली ‘बॉय इन द कॉर्नर’ बहुतांशी आपल्याच बीट्सवर केले आणि अठराव्या वर्षी मर्क्युरी पारितोषिक पटकावले. त्याला त्यानंतर कोणी अमेरिकेची नक्कल म्हटले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनी गेली आणि यूट्यूब, स्पॉटिफाय, इन्स्टाग्राम आले. मालक बदलला, मालकी कुठे मिळाली? यात तथ्य आहे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे दर्शन ही अट २०१८पासून आहे. स्पॉटिफायने २०२४पासून, वर्षात एक हजारांपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला देणेच थांबवले. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेला श्रोता अनेकांनी एका रात्रीत गमावला. अमेरिकेतला चान्स द रॅपर हा कंपनीविना राहण्याचे प्रतीक मानला जातो, ग्रॅमी मिळवणारा त्याचा ‘कलरिंग बुक’ हा अल्बम फक्त ऑनलाइनच आला होता. पण दोन आठवड्यांच्या अनन्य हक्कासाठी अ‍ॅपलने त्याला पाच लाख डॉलर दिले, हे त्यानेच नंतर सांगितले. तेव्हा कोणावर अवलंबून नसलेला कलावंत ही भाबडी कल्पना मीही मानत नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. व्यासपीठ रस्ता बंद करू शकते, पण गाणे स्वतःकडे ठेवू शकत नाही. मूळ मुद्रण ज्याच्या हार्ड डिस्कवर आणि ज्याच्या नावावर, तो ते उद्या दुसरीकडे लावू शकतो. कॅसेट कंपनीच्या पाकिटात हा मार्ग नव्हता. डिव्हाईन सोनी म्युझिकबरोबर काम करून २०१९मध्ये स्वतःच्या गली गँगकडे वळला. एमिवे बंटाय हा रॅपर तर सुरुवातीपासून आपल्या वाहिनीवरच गाणी टाकत राहिला. दोघांनीही गर्दीपेक्षा हक्क मोलाचा मानला. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसलने २०१३ साली आपल्या मिक्सटेपच्या हजार प्रती प्रत्येकी शंभर डॉलरना विकल्या, त्यामागचा विचारही हाच.

तिसरा आक्षेप शब्दांबद्दलचा, आणि तो मी परतवणार नाही. वर कोणी संपादक नसला की बरे-वाईट दोन्ही सुटते. स्टॅनच्या आणि त्याच्यासारख्या अनेकांच्या गाण्यांत बाईविषयी जे बोलले जाते ते वस्तीचे वास्तव म्हणून पांघरूण घालण्याजोगे नाही. वस्तीत बायकाही राहतात आणि त्यांचेही वास्तव असते. डी एमसीसारख्या कलावंतांनी हे आतून सांगितले आहे, बाहेरच्या सोवळ्या टीकेपेक्षा त्याचा उपयोग जास्त. बीट स्वतःची असल्याने शब्द आपोआप शहाणे होत नाहीत, एवढे मान्य करून पुढे जावे.

राहिला सर्वांत अवघड मुद्दा: यशस्वी झालेल्या चार नावांवरून सिद्धांत मांडता येतो का? प्रत्येक स्टॅनमागे शेकडो मुले आहेत ज्यांनी बीटही बनवली, शब्दही लिहिले, आणि आज कुरिअर पोचवतात किंवा बँकेच्या कॉल सेंटरमध्ये बसतात. मालकी असूनही काही मिळाले नाही, मग उपयोग काय? याचे उत्तर असे की बीट बनवता येणे हे कौशल्य रॅपर म्हणून अपयशी ठरल्यावरही उरते. ज्याने दोन वर्षे घरात मिक्सिंग केले, तो आगरी हळदीच्या गाण्याचे, बेंजो पथकाच्या ध्वनिमुद्रणाचे, गणपतीतल्या डीजेच्या रिमिक्सचे, एखाद्या पॉडकास्टचे काम घेऊ शकतो. ठाणे-भिवंडी-कल्याण पट्ट्यातला लग्न आणि उत्सवांचा बाजार मोठा आहे आणि त्याला असे हात सतत लागतात. फक्त शब्द येणाऱ्याला हा दरवाजा नाही. तेव्हा वाढ म्हणजे शिखर गाठणे असे मानले तर आक्षेप बरोबर आहे. वाढ म्हणजे या कामावर पोट भरत पुढचे गाणे करता येणे असे मानले, तर रॅपर-प्रोड्यूसरची शक्यता नुसत्या रॅपरपेक्षा नक्कीच जास्त. मला दुसरे मोजमाप खरे वाटते. नट, तबलजी, नेपथ्यकार यांच्या बाबतीत आपण तेच लावतो.

डोंबिवलीला सुसंस्कृत शहर म्हणवून घ्यायला आवडते, फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेचा तिला अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. पण संस्कृतीच्या या हिशोबात शास्त्रीय गायन, सुगम संगीत आणि नाटक यांच्या पलीकडची नोंद अजून होत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या ताब्यात नाट्यगृहे आहेत. ज्या दुपारी प्रयोग नसतो त्या दुपारी तालमीची एखादी खोली, दोन बरे स्पीकर आणि ध्वनिमुद्रणाची साधी सोय माफक भाड्याने उघडली, तर अनेक मुलांचे दादरचे तिकीट वाचेल. फार मोठा खर्च नाही, फक्त अशी मागणी घेऊन आजवर कोणी पुरेसे दार ठोठावलेले नाही. मुलांनीही एक काम करावे. गाणे टाकण्याआधी शब्द कोणाचे, बीट कोणाची, कोणाला किती टक्के, हे चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, मित्र असले तरी, किंबहुना मित्र असले म्हणूनच. आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे. ही संस्था १९६९पासून आहे, आणि आपला वाटा मागायला कोणी गेलाच नाही तर तो घरी आणून देण्याची तिची रीत नाही.

वाचकाला विनंती एवढीच की पुढच्या पानांत ज्या गाण्यांचा उल्लेख येईल ती ऐकताना एकदा शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त खाली काय वाजते ते ऐकावे, आणि मग गाण्याच्या माहितीत ते बनवणाऱ्याचे नाव दिले आहे का, हे पाहावे.